सत्तावीस नंबरचा खिसा

इरा, निहार,

परवा इराची मेल आली. कॉलेजात तिला एक कपडा बेतून दाखवायचा आहे आणि तो कुठून सुचला हे एका पानात लिहायचं आहे. तिने तुमच्या आईचा जुना कुर्ता निवडला. त्याच्या घडीत आमच्या प्रदर्शनाचं एक कार्ड निघालं. त्यावर 'पेशवेकालीन अंगरख्यावरून' असं आहे, तर तेच लिहू का, एवढंच तिने विचारलं आहे. शुक्रवारी द्यायचं आहे म्हणते.

इरा, ते लिहू नकोस. ते खोटं आहे, आणि ते मीच लिहिलं होतं.

तुझी मेल आली त्याच्या बारा दिवस आधी कमलमावशी गेली. तुम्ही दोघं तिला ओळखता. सुट्टीत पुण्याला आलात की ती तुमची मापं घ्यायची आणि निहार हलला की त्याला टाचणी दाखवायची. मी तुला एका ओळीत खरं काय ते कळवू शकले असते. पण ज्या बाईचं ते आहे तिच्याशी आधी बोलायला हवं असं मला वाटलं. ते जिवंतपणी करायचं राहिलं. म्हणून पुढचं सगळं तिला उद्देशून आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. निहारला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा इराने वाचून दाखवावं.

कमल,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी पांढरी साडी नेसून आले होते. तुझ्या लेकीने, सुजाताने तसं सांगितलं नव्हतं, पण तुझ्या आईच्या वेळी तू सगळ्यांना पांढऱ्यात बसवलं होतंस ते माझ्या लक्षात होतं. मागच्या रांगेत बसले. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा माझ्या पुढच्या बाईच्या पाठीवर माझी नजर गेली. ब्लाउजची पाठ एका बाजूला ओढली होती. अर्धा इंच. मी आपोआप डावीकडे वळले, तुला दाखवायला. डावीकडे एक अनोळखी गृहस्थ डोळे मिटून बसले होते.

तू मला असं करून ठेवलंस. तुझ्याकडे यायच्या आधी पन्नास वर्षं मी लोकांच्या पाठी पाहत होते, पण शिवण कधी दिसली नव्हती.

आपली ओळख ब्लाउजावरूनच झाली. कसबा पेठेत गणपतीच्या देवळामागच्या बोळात तुझी एका मशीनची खोली होती. फॉल, बीडिंग, आल्टर, ब्लाउज. मी तेव्हा एका कारखान्यात साहेबांची सेक्रेटरी होते. पहिल्याच ब्लाउजाबरोबर मी तुला मापांचा टाइप केलेला कागद दिला. तू तो वाचलास, घडी केलीस आणि मशीनच्या पायाखाली घातलास.

"अहो, मापं आहेत त्यात," मी म्हटलं.

"हो ना. मशीन हलायचं, आता नाही हलणार. तुम्ही हात वर करा."

पुढे कारखान्यात माणसं कमी करायला सुरुवात झाली. बाहेरच्या देशांतून यंत्रं येऊ लागली होती आणि आमची यंत्रं कुणाला नको होती. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाताला काम नाही आणि डोक्यात तीस वर्षांच्या फायली. दुपारी मी तुझ्या खोलीत येऊन बसू लागले. आधी बटणं लावली, मग गिऱ्हाइकांची नावं लिहून ठेवायला लागले, आणि एक दिवस तूच म्हणालीस, "ब्लाउज किती शिवू आता? काहीतरी आपलं शिवू या." तेव्हा आपण दोघींनी कुर्ते करायला घेतले.

मी रजिस्टर आणलं. पुठ्ठ्याचं, लाल कण्याचं. चार रकाने आखले: नंबर, कापड, माप, कुठून सुचलं. चौथा रकाना पाहून तू चष्मा काढलास.

"सुचलं त्याची पण नोंद?"

"नोंद नसेल तर पुढे कुणाला कळणार?"

"पुढे कोण विचारायला बसलंय?"

इरा, ऐकते आहेस ना.

पण तू सांगत गेलीस आणि मी लिहीत गेले. तुला चित्र काढता येत नव्हतं. तू कधी कागदावर रेघ मारली नाहीस. तुझ्या पिशवीत मांजरपाटाचा एक हातभर तुकडा असायचा, कच्चा, पिवळट, आणि पदराच्या आत टाचण्या. काही दिसलं की रस्त्यातच थांबून तो तुकडा तू त्या वस्तूसारखा दुमडायचीस आणि टाचणी मारायचीस. घरी आल्यावर तो दुमडलेला तुकडा माझ्या खांद्यावर ठेवून बघायचीस. सुचणं म्हणजे तुझ्या लेखी एवढंच होतं. जे दिसलं ते अंगावर बसतंय का ते पाहायचं.

तांबट आळीत कळशीवर हातोडीचे ठोके पडतात, मठारकाम म्हणतात त्याला. त्या ठोक्यांच्या ओळी पाहून तू चौथ्या नंबरच्या कुर्त्यावर धावदोऱ्याचे ठिपके घातलेस. अकरा नंबरच्या चुण्या केळीच्या पानांच्या गठ्ठ्यावरून. एकदा तू एका बंद दुकानाच्या शटरसमोर कापड दुमडत उभी होतीस. मालक नेमका आला.

"काय मोजताय काकू?"

"शटरच्या घड्या."

"विकत घेताय का शटर?"

"घड्या नेते. शटर राहू दे तुम्हाला."

मी दोन पावलं मागे, आपली काही ओळखच नाही असा चेहरा करून. तो चौदा नंबर. खूप चालला.

आता सत्तावीस.

त्या दिवशी तू मांजरपाट दुमडला नाहीस. थेट कापड घेतलंस, जाड खादी, आणि खडूने रेघा मारायला लागलीस. पुढचे दोन भाग एकावर एक येणारे, डाव्या कुशीला बांधायचे बंद, बटण एकही नाही. आणि आतून एक खिसा, तिरका, वीतभर खोल.

"वीतभर कशाला? सहा इंच पुरे," मी म्हटलं.

"वीतच."

"का?"

"लागते."

चौथ्या रकान्यासाठी विचारलं तेव्हा तू सांगितलंस. तुझी आई, शेवंताबाई, पेठेतले रस्ते झाडायची. साडीवरून घालायला तिने स्वतःच एक कोट शिवला होता, जुन्या चादरीचा. वाकून झाडताना बटणं तुटतात म्हणून बंद. पदर आत दाबून राहावा म्हणून एकावर एक भाग. मी लिहिलं: 'आईच्या झाडणकामाच्या कोटावरून.' तू वाकून वाचलंस आणि म्हणालीस, "अक्षर चांगलंय तुमचं." माझ्या अक्षराबद्दल तू एवढं एकदाच बोललीस.

महिन्याभराने आपलं पहिलं प्रदर्शन होतं. हॉलच्या बाईंनी प्रत्येक कपड्याशेजारी एक कार्ड लावायला सांगितलं, कपडा कशावरून सुचला ते लिहून. मी कार्डं टाइप करायला बसले. चौथा नंबर, तांबटांच्या मठारकामावरून. अकरा, केळीच्या पानांवरून. सत्तावीसला माझे हात थांबले. मला समोर प्रदर्शनाला येणाऱ्या बायका दिसायला लागल्या. कार्ड वाचतील, कुर्ता परत हँगरला लावतील, काही बोलणार नाहीत. मी स्वतःला सांगितलं की मी कपड्याची बाजू सांभाळते आहे. खरं म्हणजे मी त्या बायकांची सांभाळत होते, कारण मी त्यांच्यातलीच होते. आकार अंगरख्यासारखा होताच. आणि पुण्यात कशालाही पेशवाई चिकटवली की पुढे कुणी विचारत नाही.

तू हॉलमध्ये आलीस, सगळी कार्डं क्रमाने वाचलीस.

"शुभाताई, हे कुणाचं?"

"सत्तावीसचं."

"पेशव्यांच्या अंगरख्याला खिसा होता?"

"अगं, लोकांना कळायला सोपं जातं. पुढचा भाग तसाच आहे ना."

"म्हणजे माझी आई आधी वाड्यावर जाऊन बघून आली असेल. मग चादर फाडली."

"तसं नाही गं. छापून झालीत आता. पुढच्या वेळी बदलू."

"बरं, मॅडम."

चौदा माणसांच्या ऑफिसात मला मॅडम म्हणायचे तेव्हा काही वाटलं नव्हतं.

कुर्ता सगळ्यात आधी संपला. पुढच्या प्रदर्शनाला बायका 'तो पेशवाई कुर्ता' मागत आल्या. मी कार्ड बदललं नाही.

कार्डाचं तू कदाचित सोडून दिलं असतंस. विकायला काहीतरी बोलावं लागतं हे तुलाही कळत होतं. पण मी त्याच्यापुढे एक गोष्ट केली, आणि ती माझ्यासारखी बाईच करू शकते. कार्डावर एक आणि रजिस्टरमध्ये दुसरं, ही विसंगती मला सहन होईना. तीस वर्षं मी जावक आणि आवक जुळवत आले होते. मी पट्टी घेतली, 'आईच्या झाडणकामाच्या कोटावरून' यावर एक सरळ रेघ मारली, वर 'अंगरख्यावरून' लिहिलं आणि बाजूला सही केली. खाडाखोडीवर सही करायची पद्धत असते.

तुला ते केव्हा दिसलं मला माहीत नाही. अठ्ठावीस नंबर तयार झाला तेव्हा मी नेहमीप्रमाणे पेन उघडून विचारलं, "कुठून सुचलं?"

"असंच," तू म्हणालीस.

मी लिहिलं, 'असंच'. एकोणतीस, 'असंच'. मला वाटलं कामाची घाई आहे. पस्तिसाव्यापर्यंत मला कळलं होतं, पण मी विचारत राहिले आणि तू तेच उत्तर देत राहिलीस. आवाजात राग नसायचा. चहा ठेवू का विचारावं तशी तू 'असंच' म्हणायचीस. आपलं रजिस्टर एकोणसत्तरला संपतं. बेचाळीस वेळा माझ्या चांगल्या अक्षरात 'असंच' लिहिलेलं आहे.

आणि तरी आपण भांडलो नाही, हे मुलांना खरं वाटणार नाही. आपण रोज भेटत होतो, एका डब्यातून जेवत होतो, तुझ्या सुजाताला मी इंग्रजी शिकवत होते. माझे हे गेले तेव्हा तू आठ दिवस माझ्याकडे राहिलीस आणि माझी सगळी कपाटं तुझ्या पद्धतीने लावलीस. मला त्यानंतर महिनाभर काही सापडलं नाही. सकाळी उठून चिडायला एक कारण होतं. तेवढ्यावर मी ते दिवस काढले. तू ते मुद्दाम केलंस का, हेही विचारायचं राहिलं. 'असंच' म्हणाली असतीस.

सत्तावीसचं खरं नशीब नंतर उघडलं. मेधा तेव्हा नुकतीच सून म्हणून आली होती आणि खराडीला एका कंपनीत जायची. इरा, तुझ्याकडे आहे तो कुर्ता तिने तिथे घातला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, हातात मोबाइल, आणि पोरींच्या कपड्यांना खिसा म्हणून नाही. आठवड्याने ती तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन आपल्या बोळात आली.

त्यातली एक खिशात हात घालून म्हणाली, "मावशी, हे भारी आहे. फोन पडत नाही वाकलं तरी. कसं सुचलं तुम्हाला?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस.

"वाकायचं काम करणाऱ्या बाईने बेतलाय," तू म्हणालीस.

पोरी हसल्या, त्यांना वाटलं तू स्वतःबद्दल बोलते आहेस. मी तेव्हा बोलू शकले असते. माझ्या हातात टेप होती. मी त्या मुलीचा खांदा मोजला.

पुढे सगळीकडे तयार कपड्यांची मोठी दुकानं झाली, तुझ्या डोळ्यांवर पडदा आला, आपण खोली सोडली. तू सुजाताकडे वाघोलीला राहायला गेलीस. मी दर गुरुवारी बसने यायची. तुझ्या गॅलरीतून चारी बाजूंनी अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारती दिसायच्या. मला तिथे धुळीशिवाय काही दिसत नव्हतं.

"ती हिरवी जाळी बघा," तू म्हणायचीस. "सातव्या मजल्यावर. वाऱ्याने फुगते आणि दोरीपाशी येऊन बसते. बाही अशी पाहिजे."

"कोण शिवणार आता?"

"बघायला काय जातं?"

एका गुरुवारी मी धीर केला. रजिस्टर घेऊनच आले होते. म्हटलं, "कमल, हे असंच-असंच पुरे झालं. खरं काय ते सांग, मी लिहून टाकते."

"इतक्या वर्षांचं कुठे आठवतं?"

"एक तरी सांग."

तू बराच वेळ पानं उलटत होतीस. दिसत नव्हतं तुला फारसं, बोटाने ओळी चाचपत होतीस. सत्तावीसच्या ओळीवर बोट थांबलं असं मला वाटलं. मग ते पुढे गेलं.

"तेहेतीस तुमचा आहे."

"माझा?"

"तुमची ऑफिसची फाईल नव्हती का, झाकण दुमडायचं आणि दोरा गोल गुंडाळायचा. तिच्यावरून कॉलर बेतली."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कार्डावर पेशव्यांचं दप्तर लिहिलं असतं."

मी इतकी हसले की सुजाता आतून बघायला आली. तूही हसलीस, दात नसलेल्या बाजूने. त्या हसण्याच्या शेवटी एक जागा होती, तिथे मी 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बसची वेळ झाली." तू म्हणालीस, "सावकाश जा, शुभाताई." मॅडम नाही म्हणालीस. ते मी पुरेसं धरून चालले. त्यानंतरचे गुरुवार आपण बाह्या आणि जाळ्यांवर घालवले. ते चांगले गुरुवार होते, त्यातला एकही मला कमी करायचा नाही.

पुण्यानुमोदन संपल्यावर सुजाताने मला आत बोलावलं आणि तुझी पिशवी दिली. मांजरपाटाचा तुकडा तिच्यात होता, एका कोपऱ्यात टाचणी मारलेला. जाळीची बाही असावी. मी सुजाताला विचारलं, आजीचा तो कोट कुठे आहे गं?

"तो कधीच नाही राहिला, मावशी. आईने त्याची फडकी केली होती, मशीन पुसायला."

मग तिने सहज सांगितलं, मला माहीतच असेल असं समजून. तुझी आई पहाटे कामाला निघताना तुला सोबत न्यायची, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. गल्ल्या झाडून झाल्या की शाळेजवळच्या नळावर ती हात धुवायची, कोपरापर्यंत, दोनदा. मग कोटाच्या खिशातून फणी काढून तिथेच तुझ्या दोन वेण्या घालायची आणि तुला फाटकाच्या आत सोडायची. लाकडी फणी होती, लांब. वाकलं की पडायची. म्हणून खिसा वीतभर.

सहा इंच पुरे, असं मी तुला म्हटलं होतं.

घरी आले. सत्तावीसचं खाकी कागदाचं कटिंग माझ्याकडे आहे, पाकिटात, नंबर घालून. खिशाचा भाग काढला, कडेने टाचण्या मारल्या आणि माझी फणी त्यात उभी केली. बरोबर बसली.

त्यानंतर आठवड्याने इराची मेल आली.

कमल, माझं चुकलं. कार्डावर चुकलं, आणि रजिस्टरमध्ये त्याहून जास्त. काल मी पट्टी घेऊन 'अंगरख्यावरून' यावर रेघ मारली. खालची जुनी ओळ अजून वाचता येते, मी तेव्हाही रेघ एकच आणि सरळ मारली होती. तीच ओळ पुन्हा लिहिली, या वेळी तुझ्या आईच्या नावासह, आणि खिशाच्या मापापुढे 'फणीवरून' असं लिहिलं. बाजूला सही केली. तेहेतीसच्या रकान्यात 'फाईलच्या झाकणावरून' भरलं. बाकीच्या एक्केचाळीस 'असंच'ना हात लावलेला नाही. ते तुझं उत्तर आहे आणि ते तसंच राहायला हवं.

इरा, तुझ्या पानावर लिही: हा कुर्ता कमलने बेतला, तिच्या आईने, शेवंताबाईने, रस्ते झाडताना घालायला शिवलेल्या कोटावरून. तुझ्या मास्तरांनी जास्त विचारलं तर खिशात हात घालून दाखव.

कोट उरलेला नाही. कमलची खोली आता दुसऱ्या कुणाकडे आहे. रजिस्टर माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, कागदाचं कटिंग पाकिटात आहे, मांजरपाटाच्या तुकड्यातली टाचणी मी काढलेली नाही. कुर्ता इराकडे आहे आणि त्याचा खिसा एक वीत खोल आहे.